उंबरठ्याच्या आतला जर्दा

घरातील अपायकारक रसायनांचा विषय निघाला की सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांसमोर प्रथम न्हाणीतील ॲसिडची बाटली, डास पळवण्याची अगरबत्ती, कपड्यांच्या पेटीतील डांबराच्या गोळ्या, किंवा फार तर माळ्यावर ठेवलेला फवारणीच्या औषधाचा डबा उभा राहतो. आणि या साऱ्या वस्तू बाजारातून पैसे मोजून आणलेल्या असल्यामुळे त्या घराबाहेर काढणेही आपल्याच हाती आहे, असा एक दिलासा त्याच्या मनाला नकळत मिळून जातो. परंतु कोल्हापूरकडून पुणे-बंगळूर रस्त्याने कागल ओलांडून कर्नाटकाच्या हद्दीत शिरल्यावर लागणारा निपाणीचा कसबा, आणि त्याच्या आसपास चिकोडीपर्यंत पसरलेली काळ्या जमिनीची खेडी, या प्रदेशात तो दिलासा टिकत नाही. येथील सहस्रावधी घरांत विषारी द्रव्य कोणी विकत आणीत नाही. ते तोलून, वहीत नोंद करून, रोजच्या भाकरीचे साधन म्हणून घरात दिले जाते, आणि सायंकाळी विड्यांच्या रूपाने त्याचा बहुतेक भाग परत गेला तरी काही अंश सोप्यातल्या फटींत, लुगड्याच्या पदरात आणि बोटांच्या पेरांत मागे राहतो. घरातील रसायने कमी कशी करावीत हे सांगणाऱ्या ग्रंथांनी या घरांचा विचार क्वचितच केला आहे. प्रस्तुत प्रकरण मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

तंबाखू या भूमीची मूळची नव्हे. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि तेथून घाट चढून आदिलशाही मुलखात इतक्या लवकर रुजली की १६०४-०५ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या दरबारातून परत गेला, तेव्हा नवलाची वस्तू म्हणून त्याने बादशहापुढे तंबाखू आणि ती ओढण्याची नळी ठेवली. बादशहाने ती ओढून पाहिली, आणि दरबारच्या हकिमाने तेव्हाच हरकत घेतली, असे असद बेगाने लिहून ठेवले आहे. ज्या मुलखातून ती नळी आग्र्यास गेली त्याच मुलखाच्या पश्चिम कडेला पुढे निपाणीची पेठ तंबाखूवर उभी राहिली. विडीसाठी लागणाऱ्या तंबाखूस येथील काळी जमीन आणि कोरडा हिवाळा मानवला. वखारी उभ्या राहिल्या, अडते आणि व्यापारी आले, आणि मुंबई राज्याचा बेळगाव जिल्हा १९५६ साली म्हैसूर राज्यात गेल्यावरही पेठेचा व्यवहार, तिची हिशेबाची भाषा आणि मजुरांची बोली मराठीच राहिली. १९८१ च्या मार्च-एप्रिलात तंबाखूच्या भावासाठी शेतकरी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली याच पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले आणि ६ एप्रिलला झालेल्या गोळीबारात त्यांतील काहींचे प्राण गेले, ही स्मृती या भागात अद्याप ताजी आहे. त्यापूर्वीच, १९७८ साली, अनिल अवचट यांनी येथील वखारींतील आणि विडी वळणाऱ्या स्त्रियांची स्थिती प्रत्यक्ष पाहून लिहिली होती. भावाचा प्रश्न आणि मजुरीचा प्रश्न अशा रीतीने चव्हाट्यावर आले, आणि ते यायलाच हवे होते. परंतु ज्या घरात तंबाखू दिवसभर मांडीवर असते त्या घरातील हवेचा, पाण्याचा आणि लेकराच्या ताटाचा प्रश्न मात्र घराच्या भिंतींआडच राहिला.

तंबाखूच्या पानात जे मुख्य द्रव्य आहे त्याचे नाव निकोटिन. १८२८ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पोसेल्ट आणि रायमान या दोघांनी ते पानातून वेगळे काढले. वनस्पती हे द्रव्य मनुष्याच्या सुखासाठी निर्माण करीत नाही. पान खाणाऱ्या किड्याची मज्जासंस्था बिघडवून त्याला दूर ठेवणे हा तिचा हेतू, आणि हा गुण ओळखूनच पूर्वी निकोटिन सल्फेट हे कीटकनाशक म्हणून जगभर फवारले जात असे. मनुष्याच्या मज्जातंतूंवरही त्याचा परिणाम त्याच मार्गाने होतो: मळमळ, ओकारी, घेरी, अंगाला दरदरून घाम, चेहऱ्यावर पांढुरकेपणा आणि नाडीचा बदललेला वेग. भारत सरकारने १९९२ साली या निकोटिन सल्फेटच्या देशातील वापरास बंदी केली आणि केवळ निर्यातीसाठी त्याच्या उत्पादनास मुभा ठेवली. शेतात फवारण्यास जे द्रव्य धोक्याचे ठरले, तेच पानाच्या रूपात घराच्या सोप्यात बसले असताना त्याविषयी आपण निर्धास्त राहावे, यास मला कोणताही आधार दिसत नाही.

या द्रव्याचा एक विशेष प्रत्येक विडी कामगार कुटुंबाने जाणून घेण्यासारखा आहे, आणि तो असा की ते शरीरात जाण्यासाठी धुराची किंवा चघळण्याची वाट पाहात नाही. ते कातडीतून जाते. हात ओले असले, घामेजलेले असले किंवा बोटांना चिरा पडलेल्या असल्या तर ते अधिक वेगाने जाते. तंबाखूला चुना चोळल्याने ती 'चढते' हा सर्वांचा अनुभव आहे. त्याचे कारण चुन्याच्या क्षारामुळे निकोटिन मोकळे होते आणि मोकळे निकोटिन त्वचेतून व तोंडाच्या अस्तरातून चटकन शोषले जाते. पहाटेच्या दवात भिजलेले तंबाखूचे पीक कापणाऱ्या मजुरांना सायंकाळी ओकाऱ्या होतात, अन्न जात नाही, डोके गरगरते. या विकाराचे शास्त्रीय वर्णन १९७० साली अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यातील मजुरांवरून प्रथम प्रसिद्ध झाले आणि पुढे गुजरातेतील तंबाखूच्या शेतमजुरांतही तो आढळला. तो मजूर आयुष्यात एकही विडी न ओढणारा असला तरी त्याला हा त्रास होतो, किंबहुना न ओढणाऱ्याला अधिक होतो, कारण त्याच्या शरीराला या द्रव्याची सवय झालेली नसते.

शेतातून सुकवून आलेली तंबाखू वखारीत जाते. तेथे ती बडवली जाते, चाळली जाते, जाडीप्रमाणे तिचे प्रकार पाडले जातात, आणि या साऱ्या खटाटोपात जो खकाणा उडतो त्याची कल्पना ज्याने निपाणीच्या वखारीच्या दारात क्षणभर उभे राहून श्वास घेतला आहे त्यालाच येईल: नाक झणझणते, डोळ्यांतून पाणी येते, ठसका आवरत नाही, आणि अशा जागी स्त्रिया तोंडाला पदर बांधून दिवसभर काम करतात. विडी वळणाऱ्या स्त्रीचा जर्दा, म्हणजे विडीत भरायची तंबाखू, या मानाने स्वच्छ आणि चाळलेला असतो, हे खरे. तेंदूची पाने रात्री भिजत घालायची, सकाळी मापाला लावून कात्रीने कापायची, मांडीवरच्या सुपात जर्दा घेऊन चिमटीने पानावर पसरायचा, वळायचा, टोक दुमडायचे, दोऱ्याने बांधायचे. ही क्रिया पाहणाऱ्याला निरुपद्रवी भासते. परंतु एका विडीत साधारण पाव ग्रॅमच्या आतबाहेर जर्दा धरला तर हजार विड्यांना दोनशे ते अडीचशे ग्रॅम होतो, आणि दिवसाला हजार वळणाऱ्या स्त्रीच्या दहा बोटांखालून वर्षाच्या ३०० दिवसांत ६० ते ७५ किलो तंबाखू जाते. ती बोटे सदैव ओलसर असतात, कारण पान भिजवलेले असते. हातमोजे घालून हे काम होत नाही. पानाची शीर आणि जर्द्याची जाडी बोटाच्या पेराला कळावी लागते, आणि मजुरी हजारावर असल्याने वेग कमी झाला की चूल मंदावते. मोज्यांचा उपदेश करणाऱ्यांनी एकदा सूप मांडीवर घेऊन पाहावे.

शरीरात गेलेल्या निकोटिनचा यकृतात कोटिनिन नावाचा पदार्थ होतो. निकोटिन दोनएक तासांत निम्मे होते, पण कोटिनिनला निम्मे होण्यास पंधरा-वीस तास लागतात, म्हणून लघवीतील कोटिनिन हा शरीराने स्वतः लिहिलेला दस्तऐवजच होय. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेतील रजनी भिसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात विडी उद्योगातील कामगारांची तपासणी केली, तेव्हा तंबाखूची कोणतीही सवय नसलेल्या कामगार स्त्रियांच्या लघवीतही हे द्रव्य सापडले. तंबाखूवर प्रक्रिया करणाऱ्या मजुरांच्या रक्तपेशींतील गुणसूत्रांत बिघाडाचे प्रमाण वाढलेले दिसले. निकोटिनखेरीज तंबाखूच्या सुकवणीत व मुरवणीत नायट्रोसामीन वर्गातील द्रव्ये तयार होतात आणि त्यांतील दोन मनुष्यात कर्करोग उत्पन्न करणारी म्हणून जागतिक पातळीवर निश्चित झालेली आहेत. ती धुळीबरोबर येतात. भीती घालण्यासाठी हे मी लिहीत नाही; तंबाखूच्या घरात राहणारा प्रत्येक माणूस आजारी पडतोच असे नाही. परंतु 'आमच्या चार पिढ्या यातच गेल्या' हे वाक्य ज्या विश्वासाने उच्चारले जाते तो विश्वास या तपासण्यांपुढे टिकत नाही, एवढे स्पष्ट सांगणे लेखकाचे कर्तव्य आहे.

घरातील सर्वांत मोठा धोका मात्र वळणाऱ्या स्त्रीला नसून तिच्या शेजारी जमिनीवर रांगणाऱ्या मुलाला आहे. रांगते मूल जमिनीलगतच्या हवेत श्वास घेते, जमिनीवर हात टेकते आणि तो हात तोंडात घालते. त्याच्या वजनाच्या मानाने शरीरात जाणारी मात्रा मोठी ठरते, आणि त्याची मज्जासंस्था अजून घडत असते. निकोटिन गर्भातील वारेतून पलीकडे जाते, अंगावरच्या दुधातही उतरते. दिवसभर जर्दा झटकलेला पदर हाच सायंकाळी बाळाचे तोंड पुसण्यास पुढे येतो. त्या क्षणी आईच्या मनात मायेखेरीज काही नसते, आणि त्यामुळेच हे कोणीतरी तिला वेळीच सांगितले पाहिजे. कामावरचे विष कपड्यांतून घरच्या माणसांपर्यंत पोहोचते ही गोष्ट वैद्यकाने फार मोठी किंमत देऊन शिकली आहे. १९६५ साली म्युरिएल न्यूहाउस आणि हिल्डा थॉम्प्सन यांनी लंडनमधील रुग्णांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात असे आढळले की ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात कधीही पाऊल न टाकलेल्या काही स्त्रियांना त्या धुळीचा प्राणघातक कर्करोग झाला होता. त्यांचे घरचे पुरुष त्या कारखान्यात कामाला होते आणि या स्त्रियांनी त्यांचे कपडे धुतले होते. बेळगावच्या उद्यमबागेतील ओतकामाच्या कारखान्यांतून वाळूच्या धुळीने माखलेले कपडे घरी नेणाऱ्या कामगारानेही हे उदाहरण ध्यानात ठेवावे. कारखान्यातून निघताना कपडे बदलणे, आणि ते जमत नसेल तर घराच्या दारातच उतरवून वेगळे भिजत घालणे, ही सवय त्याच्या मुलांना मोठे संरक्षण देईल.

आता उपायांकडे वळू. त्यांतील पहिला आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा उपाय जागेचा आहे, आणि आपल्या जुन्या घरांची रचना त्यास अनुकूल आहे. या भागातील घराला पुढे सोपा असतो, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर आणि परडे. विडीचे काम सोप्यातच, तेही दारालगत किंवा बाहेरच्या कट्ट्यावर व्हावे. माजघरात आणि चुलीपुढे ते कधीही होऊ नये. थंडीच्या दिवसांत अंधार लवकर पडला की दिव्याच्या सोयीसाठी सूप हळूहळू आत सरकते, आणि एकदा आत आले की उन्हाळ्यातही बाहेर जात नाही. हा सरकण्याचा प्रवास थांबवणे हे घरातील कर्त्या माणसाचे काम आहे, आणि सोप्यात एक चांगला दिवा लावण्याचा खर्च या दृष्टीने औषधावरच्या खर्चापेक्षा पुष्कळ हलका. ज्यांचे घर एकाच खोलीचे आहे, आणि निपाणीच्या गल्ल्यांत अशी घरे थोडीथोडकी नाहीत, त्यांनी निदान खोलीचा एक कोपरा दाराजवळ ठरवून टाकावा, तेथे धुता येईल असे प्लॅस्टिकचे कापड अंथरावे, आणि काम संपल्यावर जर्दा घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बंद करावा. उघडी टोपली किंवा फडक्यात बांधलेला जर्दा रात्रभर अंथरुणाशेजारी राहिला तर त्याचा झणका आणि बारीक भुकटी झोपलेल्या माणसांच्या श्वासात जातच राहते. पिण्याच्या पाण्याची घागर, भाकरीची दुरडी आणि दुधाचे भांडे त्या कोपऱ्याच्या जवळपासही असू नये.

दुसरा उपाय पाण्याचा. निकोटिन पाण्यात सहज मिसळते. तेलकट रंगासारखे ते कातडीला चिकटून बसत नाही, आणि निसर्गाने ही सवलत दिली आहे तर तिचा पुरेपूर फायदा घेतला पाहिजे. तंबाखू तोडणाऱ्या अमेरिकन मजुरांच्या हातांवरील निकोटिन मोजून २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात साबणाने व पाण्याने हात धुतल्यावर सरासरी सुमारे ९६ टक्के निकोटिन निघून गेले. इतका स्वस्त आणि इतका खात्रीचा उपाय आरोग्यशास्त्रात फार थोड्या ठिकाणी सापडतो. मात्र हात दिवस संपल्यावर एकदाच धुवून भागत नाही, कारण तोवर शोषण झालेले असते; दर दोनएक तासांनी, चहा घेण्यापूर्वी, पीठ मळण्यापूर्वी, आणि सर्वांत आधी बाळाला अंगावर घेण्यापूर्वी ते धुतले पाहिजेत. नुसते पाण्यात बुचकळून पदराला पुसणे हे धुणे नव्हे, कारण पदरावरील जर्दा ओल्या हातावर पुन्हा येतो. नखे बारीक कापलेली असावीत. बोटांच्या चिरांना रात्री खोबरेल तेल लावावे, पण कामाला बसताना तेलाचा हात नसावा, कारण तेलकट हाताला भुकटी अधिक धरते.

येथे मिश्रीचा उल्लेख टाळता येणार नाही. भाजून पूड केलेली ही तंबाखू दातांना लावण्याची चाल सीमाभागातील आणि पश्चिम महाराष्ट्रातील स्त्रियांत इतकी खोल गेली आहे की तिला कोणी व्यसन म्हणतच नाही. सकाळी तोंड धुण्याचा तो भाग समजला जातो. विडी वळणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत हातातून जाणाऱ्या निकोटिनवर हिरड्यांतून जाणाऱ्या निकोटिनची भर पडते. महाराष्ट्रातील गरोदर स्त्रियांवरील एका अभ्यासात, जो २०१० साली प्रसिद्ध झाला, मिश्री लावणाऱ्या मातांत बाळंतपणातील गुंतागुंती अधिक आढळल्या. हातांचा संसर्ग टाळणे मजुरीमुळे कठीण असेल. मिश्रीचा संसर्ग टाळण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही, आणि गर्भारपणाचे नऊ महिने हे तो टाळण्यास सुरुवात करण्याचे अव्वल निमित्त आहे. सासूबाईंनी सुनेला हे सांगितले तर डॉक्टरांच्या शंभर सूचनांपेक्षा ते अधिक लागू पडेल.

झाडू ही स्वच्छतेची खूण मानली जाते. परंतु तंबाखूच्या घरात कोरडा झाडू अपाय करतो. जमिनीवर स्थिर झालेली भुकटी तो पुन्हा हवेत उडवतो, आणि ती पुढील तासभर घरातील माणसांच्या नाकातोंडात, उघड्या भांड्यांवर आणि पांघरुणांवर बसत राहते. ओल्या फडक्याने पुसून घ्यावे, फडके वेगळ्या बादलीत खळबळून धुवावे, आणि ते पाणी परड्यातील भाजीच्या वाफ्यात किंवा जनावरांच्या पाण्याजवळ न ओतता मोरीत सोडावे. कामाचे लुगडे वा झगा वेगळा ठेवून तो घरच्या, विशेषतः लहान मुलांच्या, कपड्यांबरोबर भिजत घालू नये. तोंडाला बांधलेला पदर जाड धूळ अडवतो, बारीक नव्हे. गूळ खाल्ला की छातीतली धूळ उतरते, असा समज कोल्हापूर-बेळगावच्या या गुळाच्या मुलखात सार्वत्रिक आहे. लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग करून गुळामुळे फुप्फुसांतील धूळ हलण्यास मदत होते असे १९९४ साली नोंदवले आहे, म्हणून त्या समजाला अगदीच फेटाळता येत नाही. पण ते प्रयोग कोळशाच्या व सिलिकाच्या धुळीचे होते, आणि निकोटिन हे फुप्फुसात अडकून बसणारे कण नव्हे, रक्तात विरघळणारे द्रव्य आहे. गुळाचा खडा खावा, त्यात नुकसान नाही. परंतु त्याच्या भरवशावर दार बंद करून वळायला बसू नये.

वायुवीजनाचा प्रश्न आता एका नव्या कारणाने महत्त्वाचा झाला आहे. २०१० साली कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने दाखवून दिले की सिगारेटच्या धुरातील निकोटिन भिंती, पडदे आणि कपड्यांवर बसते, आणि गॅसच्या ज्योतीतून किंवा वाहनाच्या धुरातून हवेत येणाऱ्या नायट्रस आम्लाशी त्याचा संयोग होऊन, वर सांगितलेली कर्करोगकारक नायट्रोसामीन द्रव्ये त्या पृष्ठभागावरच तयार होतात. विडी वळण्याच्या घरातील निकोटिन धुराचे नसून भुकटीचे असते, तेव्हा तो निष्कर्ष जसाच्या तसा येथे लावणे शास्त्राला धरून होणार नाही. तथापि जर्दा आणि ज्योत एकाच कोंडलेल्या खोलीत ठेवू नये, या सूचनेला त्याने बळ मिळते. गॅस आला म्हणून चुलीचा धूर गेला हे मोठे सुख आहे. पण गॅसच्या शेगडीलाही खिडकी लागते.

उरलेल्या रसायनांचा परामर्श थोडक्यात घेतो, कारण त्यांचे नियम सोपे आहेत आणि ते पाळण्यास निर्धारापलीकडे काही लागत नाही. धान्याच्या पोत्यांत घालण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या हवेतील ओलाव्याने फॉस्फीन वायू सोडतात. त्या वायूवर उतारा नाही, आणि ज्या खोलीत माणसे झोपतात त्या खोलीत त्या कदापि असू नयेत. पाऱ्याच्या टिकड्या धान्यात घालण्याची चालही सोडून द्यावी, कारण पाऱ्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही आणि मेंदूला सोडत नाही. कडक ऊन, कडुलिंबाचा पाला आणि डाळींना एरंडेलाचा हात हे आजीचे उपाय पुरेसे आहेत. शौचकूप धुण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू निघतो, म्हणून ती एकाच वेळी वापरू नयेत. उसाच्या व तंबाखूच्या फवारणीचे औषध घरात ठेवायचेच असेल तर कुलपात आणि मूळच्या बाटलीतच ठेवावे, आणि रिकामा डबा धुवून पाण्यासाठी किंवा तेलासाठी घेण्याचा मोह आवरावा. १९५८ साली केरळात पॅराथिऑन या कीटकनाशकाचा संसर्ग झालेला गव्हाचा आटा खाऊन शंभराहून अधिक माणसे मृत्यू पावली. अन्न आणि विष यांची आगबोटीतून वाहतूक एकत्र झाल्याचा तो परिणाम होता, आणि त्या दुर्घटनेच्या चौकशीतूनच पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. आगबोटीच्या तळाशी जे घडले ते माळ्यावरही घडू शकते.

हे सर्व घरच्या माणसांनी करण्याजोगे झाले. परंतु येथेच थांबलो तर त्या स्त्रीवर अन्याय होईल, कारण जर्दा तिच्या घरात तिच्या इच्छेने आलेला नाही. विडी आणि सिगार कामगारांसाठी १९६६ साली संसदेने जो कायदा केला त्यात घरी बसून विडी वळणाऱ्या स्त्रीला कामगार म्हणून मान्यता मिळाली, ही त्या काळच्या कामगार चळवळीची मोठी कमाई होती. त्याच कायद्यात कामाच्या जागेच्या स्वच्छतेविषयी, हवेशीरपणाविषयी, धुण्याच्या सोयीविषयी, आणि ठरावीक संख्येहून अधिक स्त्रिया असतील तेथे पाळणाघराविषयी तरतुदी होत्या. मात्र त्या औद्योगिक जागेला लागू होत्या, आणि औद्योगिक जागेच्या व्याख्येतून राहते घर स्पष्ट शब्दांनी वगळले होते. याचा व्यवहारातील परिणाम असा झाला की कारखान्यात वळलेल्या विडीला खिडकी, नळ आणि पाळणा मिळाला, आणि तीच विडी घरी वळली की या तिन्ही गोष्टींचा खर्च मालकाच्या खात्यातून उतरून मजुराच्या खात्यावर चढला. काम घराघरांत पसरण्यास हे एक कारण झाले, असे माझे स्पष्ट मत आहे. कायद्यांची नावे व कलमे पुढे बदलोत. जोवर घराला कामाची जागा मानले जात नाही तोवर हा हिशेब तसाच राहील.

यावर एक मार्ग सुचवावासा वाटतो, तो गल्लीतील सामायिक शेडचा. दहा-पंधरा घरांमागे एक हवेशीर शेड, दोन्ही बाजूंनी उघडी, दाराशी नळ आणि साबण, कामाचे कपडे टांगण्यास खुंट्या, जर्दा ठेवण्यास झाकणाचे डबे, आणि पलीकडे मुलांसाठी वेगळी खोली. याला स्त्रियांचाच आक्षेप असेल, आणि तो खरा आहे: घरी वळताना भात उतरवता येतो, सासऱ्याला औषध देता येते, शाळेतून आलेल्या मुलीकडे लक्ष राहते; शेडमध्ये गेले तर हजाराचा आकडा गाठणे कठीण. म्हणून शेड घरापासून हाकेच्या अंतरावरच हवी, आणि मुलांच्या खोलीत सांभाळणारी बाई पगारावर हवी. हा खर्च कोणी करावा याविषयी संदिग्धता नसावी. ज्याच्या नावाचा शिक्का विडीच्या बंडलावर असतो त्याने तो करावा, आणि त्याने तो केला आहे की नाही याची खातरजमा करण्याचे काम सरकारी कामगार निरीक्षकाने करावे. पाने, जर्दा आणि दोरा यांची मोजदाद ज्या वहीत होते त्याच वहीत साबणाची वडी आणि पाळणाघराच्या बाईचा पगार यांचाही रकाना असावा.